दारापुढचे दोन खांब

घर बांधून पुरें झालें, आंत माणसें राहावयास आलीं, तरी घरमालकाच्या मनांतील एक इच्छा बहुधा मागें उरलेली असते. अंगणापुढें फाटक असावें, आणि त्या फाटकाच्या दोन्ही बाजूंस जुन्या वाड्यास शोभतील असे भरदार खांब असावेत, ही ती इच्छा. कन्नडसारख्या तालुक्याच्या गांवीं जुन्या वस्तीबाहेर नवीं घरें उठलीं, घराभोंवतीं थोडी मोकळी जागा मिळूं लागली, आणि पूर्वीं ज्या थाटावर देशमुख-पाटलांचाच हक्क समजला जाई, तो थाट शिक्षकाच्या, वकिलाच्या आणि दुकानदाराच्या दारापुढें येऊं लागला. यांत वावगें कांहीं नाहीं. आल्यागेल्याचें पहिलें स्वागत दारच करतें, आणि तें नेटकें असावें असें कोणास वाटणार नाहीं? प्रश्न एवढाच, कीं हा खांब नुसता दिसावयाचा आहे कीं उभाहि राहावयाचा आहे. कारण त्याच्या अंगावर जड लोखंडी फाटक टांगलें जाणार, आणि त्या फाटकावर, कितीहि दटावलें तरी, घरांतील मुलें झोंके घेणार. खांब कोसळून किंवा फाटक अंगावर पडून मूल दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. म्हणून हा विषय केवळ हौसेचा राहत नाहीं.

कन्नडच्या माणसाला दारांचे आणि खांबांचे नमुने पाहण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. तालुक्यांतच, सातमाळ्याच्या डोंगरांत, पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील एका विहाराच्या दाराशीं भाले आणि ढाली घेतलेले द्वारपाल उभे आहेत, आणि जोत्याला हत्तींची रांग आहे. शेजारच्या चैत्यगृहांतील खांबांवरचे लेख सांगतात, कीं ते खांब पैठणच्या लोकांनीं दान दिले. त्यांत सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या कुळांतील मितदेव नांवाचा एक गृहस्थ आहे. आपल्या नांवें एक तरी खांब असावा, ही हौस या मुलखांत दोन हजार वर्षांची जुनी आहे. तेथून वेरुळास गेलें, तर कैलास लेण्याच्या प्रांगणांत सुमारें ५० फूट उंचीचे दोन ध्वजस्तंभ दिसतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या राजवटीशीं, म्हणजे आठव्या शतकाशीं, त्या लेण्याचें नांव जोडलेलें आहे. परंतु हे स्तंभ कोणीं रचून उभे केलेले नाहींत. भोंवतालचा खडक काढून टाकला आणि खांब तेवढे मागें उरले. त्यांचा पाया म्हणजे सारा डोंगर. खालीं सांधा नाहीं, म्हणून सांधा उघडण्याचें भयहि नाहीं.

रचलेल्या बांधणीचा नमुना पाहावयाचा तर छत्रपती संभाजीनगरांतील भडकल दरवाजा पाहावा. मलिक अंबरानें तो १६१२ मध्यें बांधविला. एवढ्या भव्य कमानीचा रेटा सतत बाहेरच्या बाजूस असतो. तो पेलण्यासाठीं दोन्ही अंगांस केवढी भरीव बांधणी केली आहे, हें तेथें उभें राहिलें म्हणजे कळतें. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजाहि याच विचारानें बांधलेला असे. चौकटीच्या दोन्ही बाजूंस हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर तुळई आणि तिच्यावर माडी, मागें पहारेकऱ्यांच्या देवड्या. दाराच्या झडपेचा भारहि खांबाच्या कडेवर लोंबत नसे. झडपेच्या कडेच्या लांकडी खुंटाचें खालचें टोक जमिनींतील दगडाच्या खळग्यांत आणि वरचें टोक वरच्या आडव्या लांकडांत फिरे. त्यामुळें झडपेचें सारें वजन थेट जमिनींत उतरे, आणि तिची आडवी ओढ वरची तुळई व दोन्हीकडच्या भिंती मिळून सोसत.

एकटा उभा राहणारा खांबहि महाराष्ट्रांत आहेच. देवळापुढची दीपमाळ हा तो खांब होय. तिला शेजारीं भिंत नाहीं, डोक्यावर तुळई नाहीं. पण ती बांधणाऱ्यांनीं तिला रुंद ओटा दिला, बुंधा जाड ठेवला, आणि वर जातांना ती निमुळती केली. एकाकी राहावयाचें म्हणून तिनें आपलें वजन तळाशीं साठवलें आहे.

आजच्या घरापुढच्या खांबाची अडचण येथें लक्षांत येते. त्याच्या डोक्यावर तुळई घालतां येत नाहीं, कारण मोटार आणि सामानाचा ट्रक आंत यावयाचा असतो. शेजारची कुंपणाची भिंत पातळ असते, आणि पुष्कळदां ती खांबाशीं नीट सांधलेलीहि नसते. म्हणजे या खांबास दीपमाळेचें एकाकीपण आलें आहे, आणि शिवाय वाड्याच्या दाराचें ओझेंहि त्याच्याच अंगावर पडलें आहे. दीपमाळेवर कोणी दार टांगलें नाहीं, आणि वाड्याचें दार कोणी एकट्या खांबावर टांगलें नाहीं. हे दोन्ही भार ज्याच्या वांट्यास आले, त्या खांबाच्या बाबतींत नक्षीचा विचार शेवटीं आणि वजनाचा विचार आधीं झाला पाहिजे.

हें वजन साध्या त्रैराशिकानें कळण्यासारखें आहे. समजा, फाटक १२ फुटांचें असून त्याला सहा-सहा फुटांच्या दोन झडपा आहेत, आणि एका झडपेचें वजन १५० किलो आहे. झडपेचा भार तिच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून ३ फुटांवर, एकवटला आहे असें धरतात. वरची आणि खालची बिजागरी यांत ४ फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला फाटकाच्या दिशेनें सुमारें ११२ किलोंच्या जोरानें ओढते, आणि खालची तेवढ्याच जोरानें त्याला उलट ढकलते. ही ओढाताण दिवसरात्र चालूं असते. अशा वेळीं ३० किलो वजनाचें मूल झडपेच्या टोकास लोंबकळलें, कीं वरची ओढ आणखी ४५ किलोंनीं वाढते. मुलाचें वजन झडपेच्या पांचव्या हिश्शाएवढें. पण तें टोकाशीं असल्यामुळें ओढींत भर पडते ती दोन पंचमांशांची. झडप पत्र्यानें झांकलेली असली तर वळवाच्या वाऱ्याचा जोर निराळाच.

आतां खांबाची बाजू पाहावी. विटांचा भरीव खांब २ फूट चौरस आणि ८ फूट उंच असला, तर त्याचें वजन सुमारें १,७०० किलो भरतें. तोच दीड फूट चौरस केला, तर तें साडेनऊशें ते हजार किलोंवर येतें. रुंदी एक चतुर्थांशानें घटली, पण वजन निम्म्याच्या जवळपास घटलें. गवंडीकामाच्या शास्त्राचा जुना नियम असा आहे, कीं सर्व भार मिळून होणारी रेघ खांबाच्या तळाच्या मधल्या तृतीयांशांत पडली पाहिजे. ती बाहेर गेली, कीं एका बाजूचे सांधे उघडूं पाहतात; कारण चुना काय किंवा सिमेंट काय, कोणताहि मसाला दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा. वरील झडपेच्या भारानें २ फुटी खांबांत ही रेघ मध्यापासून जवळजवळ ४ इंच सरकते, आणि तेथें मर्यादाहि ४ इंचांचीच आहे. दीड फुटी खांबांत ती ६ इंच सरकते, आणि मर्यादा अवघ्या ३ इंचांची. तेव्हां दीड फुटी नुसत्या विटांच्या खांबावर असें फाटक टांगणें धोक्याचें आहे. २ फुटी खांबहि मूल लोंबकळलें कीं मर्यादेबाहेर जातो. म्हणूनच आजच्या खांबाच्या पोटांत लोखंड हवें.

पण लोखंडाच्याहि आधीं जमीन पाहिली पाहिजे. मराठवाड्याची काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकीच ती बांधकामाला वैरीण आहे. उन्हाळ्यांत ती आटते आणि तींत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते, आणि वर असलेलें सारें उचलूं पाहते. घराचें वजन मोठें असतें, भिंती एकमेकींस धरून असतात, म्हणून घर कांहीं अंशीं टिकाव धरतें. खांब एकटा आणि हलका. त्याच्या एका अंगास बागेचें पाणी मुरतें, दुसऱ्या अंगास रस्त्याची कोरडी कड असते. दोन पावसाळ्यांत तो थोडासा कलतो, मग झडपा एकमेकींवर घासूं लागतात. घरमालक लोहाराला बोलावून झडप कापून घेतो; खरा दोष मात्र जमिनीखालीं तसाच राहतो.

यावर उपाय जुनाच आहे. काळी संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावें. कन्नड डोंगराच्या पायथ्याचा भाग असल्यामुळें कोठें मुरूम चार फुटांवर लागतो, तर कोठें ओढ्याकांठीं काळी खोल जाते. एका घराचा अनुभव शेजारच्या घरास लागू पडेलच असें नाहीं. मुरूम हातीं लागला, कीं तळ धुमसानें ठोकून घ्यावा आणि त्यावर खांबाच्या दुपटीहून अधिक रुंदीचा काँक्रीटचा पाया घालावा. काळी फारच खोल असली, तर रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें अशाच जमिनींसाठीं विकसित केलेले, खालीं फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खुंट घालतां येतात. तें काम मात्र अभियंत्याच्या देखरेखीनेंच व्हावें. दोन्ही खांबांचे पाये वाटेखालून काँक्रीटच्या एका तुळईनें जोडले, तर फारच उत्तम. वाड्याच्या दारास जी तुळई डोक्यावर होती, ती येथें पायाखालीं आली असें समजावें. एकमेकांकडे झुकूं पाहणाऱ्या दोन खांबांना ती पायाशीं तोलून धरते. त्या तुळईखालीं काळी माती लागून असूं नये. मध्यें थोडी पोकळी राखावी, म्हणजे फुगलेली माती तिला वर ढकलणार नाहीं.

पायानंतर गाभा. सळया पायांतूनच वर आलेल्या असल्या पाहिजेत. आधीं पाया भरून टाकावयाचा आणि मग त्यांत भोंकें पाडून सळया रोवावयाच्या, हा आळशी मार्ग होय. २ फुटी खांबांत मध्यें ९ ते १२ इंचांचा काँक्रीटचा गाभा, त्यांत १२ मिलिमीटर जाडीच्या निदान चार उभ्या सळया, त्यांना ठराविक अंतरानें घट्ट बांधलेल्या रिंगा, आणि भोंवतीं सांधेमोड राखून केलेलें विटांचें काम, ही घरगुती फाटकास पुरण्यासारखी रचना आहे. झडपा जड असल्या किंवा खांब याहून उंच असला, तर अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा. काँक्रीटला एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी हें प्रमाण रूढ आहे. पाण्याविषयीं फार सावध राहावें. ५० किलोंच्या पोत्यास ३० लिटरांहून अधिक पाणी घालूं नये. काम लवकर उरकावें म्हणून मिश्रण पातळ करण्याचा मोह होतो. पण जास्तीचें पाणी उडून गेल्यावर मागें बारीक छिद्रें राहतात, आणि त्यांतून दमट हवा सळईपर्यंत पोंचते. सळई गंजली कीं फुगते, आणि आपल्याच अंगावरचें काँक्रीट फोडते. म्हणून गाभा उघडा राहणार असेल तेथें सळईवर ४० मिलिमीटर जाडीचें काँक्रीट असावें, आणि पायांत तें ५० मिलिमीटर असावें.

ज्यांना काळ्या दगडाचा खांब हवा असेल, त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. जाडी म्हणजे बळकटी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे मराठवाड्यांतच किल्लारीस भूकंप झाला. तेथील घरांच्या दगडी भिंती चांगल्या जाड होत्या. तरी त्या कोसळल्या आणि हजारों माणसें गेलीं. त्या भिंतींस आंतला थर निराळा आणि बाहेरचा निराळा होता. मध्यें माती आणि गोटे भरलेले. दोन थरांस एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड त्यांत बहुधा नव्हतेच. हादरा बसतांच थर सुटे झाले. खांबाच्या चार बाजूंस घडीव दगड लावून मध्यें भर टाकली, तर तोच दोष लहान आकारांत पुन्हां निर्माण होतो. दर दोन-तीन थरांआड एक लांब दगड आंतल्या गाभ्यापर्यंत गेलाच पाहिजे. दगडाच्या पातळ फरशा नुसत्या मसाल्यानें चिकटवून दगडी खांबाचा देखावा करणें तर सर्वांत वाईट. उन्हानें आणि पावसानें त्या सुटतात, आणि खालीं कोण उभें आहे हें पाहून कांहीं त्या पडत नाहींत.

शोभेचा विचार आतां करावयास हरकत नाहीं. जुन्या कामांतील शोभा बहुतेक उपयोगांतूनच आली आहे. वाड्यांतील लांकडी खांबाखालीं दगडी तळखडा असतो, तो ओलीपासून लांकूड वांचविण्यासाठीं. फाटकाच्या खांबासहि जमिनीपासून दीड-दोन फूट घडीव दगडाचा तळखडा द्यावा. उडणारा चिखल आणि मोटारीचा धक्का तो सोसतो. दीपमाळेप्रमाणें अंग वर किंचित् निमुळतें ठेवलें, तर तोलहि साधतो आणि डौलहि. शेंड्यावरील टोपी चारी बाजूंनीं दोन इंच पुढें काढावी, तिच्या माथ्यास उतार द्यावा, आणि पुढें आलेल्या भागाच्या खालच्या अंगास बारीक खांच ठेवावी, म्हणजे पाणी तेथेंच तुटून खालीं पडतें आणि खांबाच्या अंगावर काळे ओघळ येत नाहींत. पुष्कळ खांब पायाकडून बिघडतात, त्याचप्रमाणें पुष्कळ माथ्याकडून पाणी मुरून बिघडतात. पणतीसाठीं एक दिवळी ठेवावी. विजेच्या दिव्याची आणि घंटेची तार नेण्यासाठीं नळी मात्र बांधतांनाच आंत घालावी. मागाहून छिन्नीनें खांब फोडणें बरें नव्हे. सिंह, हत्ती आणि कलश साच्यांत ओतून तयार मिळतात. ते बसवावयाचे असतील तर आंतल्या सळईशीं जखडून बसवावे. आणि पितळखोऱ्याच्या कारागिरानें हत्ती जोत्याशीं कोरले, डोक्यावर नव्हे, हेंहि आठवावें.

बिजागरीचें लोखंड विटांच्या सांध्यांत खिळ्यासारखें ठोकूं नये. तें गाभ्याच्या काँक्रीटमध्यें, तें ओततांनाच, रोवलें पाहिजे. झडपेच्या मोकळ्या टोकाखालीं एक चाक आणि जमिनींत लोखंडी पट्टी असली, तर खांबावरची ओढ पुष्कळ हलकी होते. ही वाड्याच्या दगडी खळग्याचीच युक्ति होय: वजन जमिनीला द्यावें. रुळावर सरकणारें फाटक खांबाला ओढीत नाहीं, पण त्याचा धोका निराळा आहे. दोन्ही टोकांस भक्कम अडसर आणि वर धरून ठेवणारी खोबण नसली, तर तें रुळावरून उतरतें आणि आडवें पडतें. फाटक आंतल्या बाजूसच उघडावें, खांब आपल्या हद्दींतच असावा, आणि काम सुरू करण्यापूर्वीं नगरपरिषदेची परवानगी घ्यावी. कोपऱ्यावरच्या घरानें तर खांबामुळें रस्त्यावर येणाऱ्याची दृष्टि अडणार नाहीं, याची विशेष काळजी घ्यावी.

शेवटचा विषय सवडीचा. पूर्वीं घाणीवर बैलाकडून चुना मळून घेत, त्यांत विटांची भुकटी म्हणजे सुर्खी मिसळत, आणि बांधकाम थरांथरांनीं चढे. कारण चुना सावकाश घट्ट होतो आणि घाई त्याला सोसत नाहीं. १८२४ मध्यें जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि पुढें त्या सिमेंटनें बांधणाऱ्यांस वेग दिला. परंतु सिमेंट लवकर कठीण होतें याचा अर्थ त्याला निगा नको असा नव्हे. तें वाळून कठीण होत नाहीं, पाणी मिळून होतें. म्हणून निदान दहा दिवस, आणि कोरड्या उन्हाळ्यांत चौदा दिवस, खांबास ओलें पोतें गुंडाळून सतत पाणी मारावें. तोपर्यंत, आणि त्यानंतरहि आणखी दोन आठवडे, फाटक टांगूं नये. मुहूर्त ठरला आहे, पाहुणे यावयाचे आहेत, म्हणून चौथ्या दिवशीं झडपा चढविल्या, तर जी चीर पडते ती गिलाव्याखालीं झांकली जाते एवढेंच.

खांब पुरा झाल्यावर त्याच्याकडे पाहून त्याचे गुणदोष ओळखतां येत नाहींत. चांगला आणि वाईट, दोन्ही रंग दिल्यावर सारखेच दिसतात. म्हणून घरमालकानें एक दिवस या कामासाठीं राखून ठेवावा. पाया खणून झाला आणि सळया बांधून झाल्या, कीं काँक्रीट ओतण्यापूर्वीं त्यानें स्वतः खड्ड्याशीं जाऊन पाहावें: तळाशीं मुरूम आहे कीं काळी आहे, सळया पायापासून वर आल्या आहेत कीं नाहींत, त्यांच्याखालीं सिमेंटचे ठोकळे ठेवून त्या जमिनीपासून उचलल्या आहेत कीं मातीवरच टेकल्या आहेत, ओळंबा सोडला आहे कीं नजरेवर काम चाललें आहे. गवंडी कुशल असेल तर या चौकशीचा त्याला राग येणार नाहीं. उलट जें एरवीं कोणी पाहत नाहीं तें पाहणारा मालक भेटला, याचें त्याला समाधानच वाटेल. दुसऱ्या दिवशीं तो खड्डा बुजलेला असेल, आणि नंतर त्या घरांतल्या कोणासहि तें पुन्हां पाहतां येणार नाहीं.